हवा खाणारं तेल आणि एका दिवसाची जास्वंद

शाळेत ग्रेड परीक्षेची तयारी सुरू झाली, की चित्रकलेचे सर रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात जास्वंदीची फांदी खोचत आणि बाटली टेबलावर ठेवत. पहिल्या तासाला फूल एकदम ताठ. मधल्या सुट्टीनंतर पाकळ्यांच्या कडा आत वळू लागत. शाळा सुटायच्या वेळेला ते मिटलेल्या ओल्या छत्रीसारखं लोंबत असे आणि सगळा वर्ग उरलेलं फूल आठवून आठवून पूर्ण करत असे. निसर्गचित्राला बसलेली मुलं स्मरणचित्र देऊन उठायची!

पुढे बऱ्याच वर्षांनी इथे देवळाली प्रवऱ्यात, घराच्या पडवीत, मी तोच खेळ तैलरंगात करून पाहिला. कुंपणाची जास्वंद, तांब्यात पाणी, समोर छोटा कॅनव्हास. खरी जास्वंद नेमाप्रमाणे संध्याकाळी मिटली. चित्रातली मात्र पाचव्या दिवशीही ओलीच होती. बोट लावलं, बोट लाल.

आता जरा विचार करा. सकाळी उमलून संध्याकाळी संपणारी वस्तू रंगवायला माणसानं आठवडा आठवडा न वाळणारा रंग निवडावा? जगातली सगळ्यात घाईची गोष्ट आणि सगळ्यात आळशी माध्यम! तरी गेली चारशे वर्षं चित्रकार नेमकं हेच करत आले आहेत, आणि फुलांची अत्यंत जिवंत वाटणारी चित्रं याच रंगात झाली आहेत. हे जमतं कसं, या प्रश्नामागे मी लागलो आणि फिरून फिरून पोचलो ते थेट आपल्या स्वयंपाकघरात.

तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं तेल. तुमच्याआमच्या जवसाच्या चटणीतलं. बाटलीचं बूच उघडलं आणि मला रंगशाळेच्या आधी आठवला तो खलबत्ता, भाजलेला जवस, लसूण आणि लाल तिखट. जवसाला अळशीही म्हणतात. अळशीचं तेल आळशी निघालं, यात नवल ते काय?

नवल आहे ते वेगळंच. तैलरंगाची ट्यूब म्हणजे बारीक पूड आणि त्यात घोटलेलं हे तेल, बस्स. मग शेंगदाण्याचं का नाही? खोबरेल का नाही? करून पाहा. काचेच्या तुकड्यावर खोबरेलाचा थेंब पसरा, शेजारी जवसाचा. दोन आठवड्यांनी खोबरेल तसंच ओशट. जवसाच्या जागी मात्र पातळ, पारदर्शक, नखानं खरवडावी लागेल अशी कातडी. तेल गेलं कुठे? उडून गेलं?

नाही हो! उडून जातं ते पाणी. दोरीवरचा सदरा वाळतो तेव्हा पाणी उडतं आणि सदरा हलका होतो. जवसाचं तेल 'वाळतं' तेव्हा त्याचं वजन वाढतं. पुन्हा वाचा: वाळताना वजन वाढतं. कारण ते तेल हवा खात असतं. हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि स्वतःत मुरवतं.

तेलाचा प्रत्येक रेणू तीन लांब शेपट्यांचा असतो. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक शेपट्या अशा, की ज्यांच्यावर तीन-तीन नाजूक जागा असतात. तिथे ऑक्सिजनला बोट घालता येतं. खोबरेलात अशा जागा जवळजवळ नाहीतच, म्हणून ते जन्मभर ओशटच राहतं. ऑक्सिजन त्या जागी शिरला, की शेजारच्या शेपटीला धरतो, ती पलीकडच्या शेपटीला. आठवडी बाजारातली गर्दी डोळ्यांपुढे आणा. माणसं सुटी आहेत तोवर गर्दी वाहते. आपण धक्के खात का होईना पुढे सरकतो. आता प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात घट्ट धरला तर? कुणी कुठे गेलं नाही, पण गर्दी जागच्या जागी थिजली. तिचं जाळं झालं. रंगाच्या पुडीचे कण त्या जाळ्यात जन्मभरासाठी अडकतात.

हे तुम्ही पाहिलेलं नाही असं समजू नका. गॅसशेजारच्या फरशीवर चढलेला पिवळा चिकट थर, कितीही घासा, निघत नाही, तो हाच प्रकार. बिडाचा नवा तवा तेल लावून, तापवून 'तयार' करतात तेव्हा त्यावर बसते ती हीच कातडी. आणि ज्यांनी लहानपणी नव्या बॅटला जवसाचं तेल चोळून ती उन्हापावसापासून जपली, त्यांनी तर लाकडावर तैलचित्राचा पहिला थरच चढवला होता, फक्त रंग घालायचा राहून गेला! फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं रंगाच्या डब्यावर धरलेली अशीच साय पाहिली आणि त्यातून १८६० च्या दशकात लिनोलियमची जमीन बनवली. नावातलं 'लिन' म्हणजे जवसच.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. हवा खाताना हे तेल गरम होतं. कॅनव्हासवर ते कळत नाही, पण जवसाच्या तेलानं माखलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतली ऊब आतच साठते आणि काडी न लावता बोळा पेट घेऊ शकतो. म्हणून चित्रकार चिंध्या पसरून वाळवतात नाही तर पाण्यात टाकतात. चटणीतल्या जवसात एवढी धग असेल असं वाटलं होतं का कधी?

जवस एकटा नाही. पांढऱ्या आणि फिकट रंगांसाठी जवस जरा अडचणीचा. काळानं पिवळा पडतो. मोगऱ्याचं चित्र, आणि वीस वर्षांत मोगरा पिवळट! म्हणून पांढऱ्या रंगात बरेच रंग-उत्पादक करडईचं तेल घालतात. करडई! रब्बीत ज्वारीच्या कडेनं उभी राहणारी, काट्यांनी पोटऱ्या ओरबाडणारी आपली करडई. ती सावकाश वाळते पण पिवळी कमी पडते. खसखशीचं तेलही त्यासाठीच वापरतात, आणि अक्रोडाचं तर युरोपातल्या जुन्या चित्रकारांचं लाडकं. जवस, करडई, खसखस, अक्रोड: ही यादी घेऊन किराणा दुकानात गेलात तर दुकानदार विचारेल, दिवाळीला अजून अवकाश आहे ना?

तैलरंग युरोपात पंधराव्या शतकात यान व्हान आइकनं शोधले अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गोष्ट छान आहे, खरी नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या बौद्ध लेण्यांतल्या भित्तिचित्रांचे कण तपासले, तेव्हा सातव्या शतकातल्या थरांत वाळणारं तेल सापडलं, अक्रोडाचं किंवा खसखशीचं असावं असं. २००८ मध्ये हे जाहीर झालं. व्हान आइकच्या सातशे-आठशे वर्षं आधी, आपल्या रेशीममार्गाच्या वळणावर, कुणा भिक्खूच्या शेजारी बसून कुणीतरी तेलात रंग घोटत होतं.

आता पुडीकडे येऊ. पण त्याआधी एक पाकळी हवी आहे. मोगऱ्याची घ्या, तगरीची घ्या, पांढरी शेवंती चालेल. अंगठा आणि तर्जनीत धरून चांगली दाबा. काय झालं? पांढरा रंग गेला! बोटांत उरला एक ओलसर, काचेसारखा पापुद्रा. पांढरा रंग बोटाला लागला नाही, खाली सांडला नाही. गेला कुठे?

तो नव्हताच. पाकळीच्या आत पेशींच्या मधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. प्रकाश आत शिरतो, पोकळ्यांवर आपटत सगळ्या दिशांना विखुरतो आणि परत बाहेर येतो. त्यालाच आपण पांढरं म्हणतो. तुम्ही दाबून हवा काढली, पांढरेपणा संपला. फेसाचं तेच, कापसाचं तेच. रंगीत फुलातही आतली रचना हीच. रंग असतो तो बहुतेक वेळा वरच्या आणि खालच्या तलम त्वचेत, पाण्यात विरघळलेला, पारदर्शक. म्हणजे लाल गुलाबाची पाकळी ही आतून पांढरी भिंत आणि बाहेरून लाल काच आहे. प्रकाश काचेतून आत जातो, भिंतीवर आपटतो, पुन्हा काचेतून बाहेर येतो. दोनदा गाळला जातो. म्हणून तर उन्हात गुलाब नुसता लाल दिसत नाही, आतून पेटल्यासारखा दिसतो. भिंतीला फासलेला लाल डिस्टेंपर कधी तसा पेटतो?

जुन्या चित्रकारांना सूक्ष्मदर्शकातली पाकळी ठाऊक नव्हती. पण गुलाब रंगवताना ते काय करत? आधी पांढऱ्या आणि फिकट गुलाबी अपारदर्शक रंगात पाकळीचा उजेड-अंधार घडवायचा. तो वाळू द्यायचा. मग त्यावर तेलात भिजलेला, काचेसारखा पारदर्शक लाल रंग एका पातळ थरात फिरवायचा. आत पांढरी भिंत, बाहेर लाल काच! नुसत्या डोळ्यानं बघून बघून त्यांनी पाकळीची रचनाच कॅनव्हासवर बांधून काढली होती. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी हातातला ब्रश खाली ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन जास्वंदीकडे बराच वेळ नुसता बघत बसलो.

अशा पारदर्शक रंगांना जगभर 'लेक' म्हणतात. रंगाच्या ट्यूबवर 'क्रिमसन लेक' वाचून मला वर्षानुवर्षं वाटे, हा कुठल्या तरी तळ्यावरून आलेला रंग असणार. शब्द आपलाच निघाला. लाक्षा, म्हणजे लाख. झाडावर किडे जी लाख करतात, तिच्यातला लाल रंग युरोपात गेला आणि पुढे पारदर्शक रंगांच्या सगळ्या गोतावळ्यालाच ते नाव चिकटलं.

पारदर्शक की अपारदर्शक, हेही पुडीच्या मनावर नसतं, तेलाबरोबरच्या तिच्या सोयरिकीवर असतं. पांढऱ्या खडूची पूड घ्या, पाण्यात कालवून वाळू द्या: पांढरीशुभ्र. तीच पूड जवसाच्या तेलात कालवा: मळकट, अर्धपारदर्शक चिखल. खडूचा कण आणि तेल, दोघांतून प्रकाश जवळपास सारखाच वाकून जातो, म्हणून कण तेलात जणू दिसेनासा होतो. शिशाचा सफेदा मात्र तेलातही पांढराच राहतो. म्हणून शेकडो वर्षं चित्रकारांनी तो वापरला, विषारी आहे हे दिसत असूनही.

विषाचं निघालंच आहे तर काष्ठौषधीच्या दुकानात डोकावूया. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा लाल. हरताळ आणि मनशीळ म्हणजे सोमलाच्या खनिजांचे पिवळा आणि केशरी. डच चित्रकारांनी काही पिवळी आणि केशरी फुलं यांतून उमलवली. आपल्याकडे पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासायचे आणि वर पुन्हा लिहायचे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथला. सतराव्या शतकातल्या अब्राहम मिन्योनच्या एका चित्रात पिवळा गुलाब आहे, तो आज सपाट ठिगळासारखा दिसतो. शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी तपासलं तर उजेडानं हरताळाचं रूपच पालटलेलं, पाकळ्यांची उठावदार घडण नाहीशी झालेली. हरताळानं स्वतःवरच हरताळ फासला होता!

ही सगळी पूड पूर्वी चित्रकाराच्या घरी पोरं घोटत. सपाट दगड, त्यावर काचेचा नाही तर दगडाचा बत्ता, थोडी पूड, थोडं तेल, आणि गोल गोल, गोल गोल. पाटा-वरवंटाच तो. उरलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचा, टाचणीनं भोक पाडून पिळायचा. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं आणि रंगशाळा बगलेत मारून बागेत जाता येऊ लागलं. दात घासायची पेस्ट ट्यूबमध्ये शिरली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. महाराष्ट्रात ट्यूब म्हटलं की उंटाचं चित्र आठवणारच. दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिननं पुढे रंग काढले आणि तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही तैलरंग मिळू लागले. माझी जास्वंद त्याच दुकानातली.

आता मूळ कोड्याकडे. एका दिवसाचं फूल आणि आठवड्याचा रंग. डच चित्रकारांनी काय युक्ती केली?

त्यांची ती दाटीवाटीची फुलदाणी आठवा. काळोखी पार्श्वभूमी, त्यात ट्यूलिप, गुलाब, आयरिस, पॉपी, कडेला एखादा भुंगा, पानावर दवाचा थेंब. चित्रापुढे उभं राहिलं की वाटतं, चित्रकारानं आज सकाळी बागेतून गुच्छ आणला असणार. साफ खोटं! ट्यूलिप वसंतात, गुलाब उन्हाळ्यात, काही फुलं त्याच्याही मागाहून. असा गुच्छ कुणाच्याच टेबलावर कधीच नव्हता.

आपल्याकडचा नमुना करून पाहू. एका तांब्यात फाल्गुनातला पळस ठेवा. शेजारी वैशाखातला बहावा. मग पावसाळ्यातला सोनटक्का, दसऱ्याचा झेंडू आणि थंडीतली शेवंती. राहुरीच्या बाजारात कितीही पैसे मोजले तरी हा गुच्छ कुणी बांधून देणार नाही. चित्रकार मात्र वर्षभरात तो 'वेचू' शकतो. पळस फुलला की पळस रंगवायचा, बहाव्याची जागा रिकामी सोडायची आणि वैशाखाची वाट बघायची. आळशी रंगाला कसली घाई? तो थांबायला तयारच आहे. वाळलेल्या थरावर सहा महिन्यांनी नवं फूल टेकवलं तरी खालचं हलत नाही.

काही जण प्रत्येक फुलाचा कच्चा अभ्यास वहीत करून ठेवत आणि हवा तेव्हा चित्रात उतरवत. काहींना ते पटत नसे. थोरला यान ब्रूगेल १६०६ मध्ये मिलानच्या कार्डिनल बोर्रोमेओला कळवतो, की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं समोर ठेवून रंगवण्यासाठी आपण ब्रसेल्सपर्यंत गेलो होतो. फुलासाठी गाव बदललं! आणि यान व्हान हाउसम? लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याची एक फुलदाणी आहे, तिच्यावर दोन सालं घातलेली आहेत, १७३६ आणि १७३७. एका चित्राला दोन वर्षं. १७४२ मध्ये तर त्यानं गिऱ्हाइकाला कळवलं, की पिवळा गुलाब अजून फुलायचा आहे, चित्र अडलंय. अशी सबब आपल्याकडे एखाद्या शिंप्यानं दिली असती तर! पण ती सबब खरी होती.

याच मेळ्यात रॅचेल रॉइश नावाची बाई आहे आणि ती मला या सगळ्यांत सरस वाटते. वडील शरीरशास्त्रज्ञ, मृत प्राणी आणि वनस्पती टिकवून ठेवण्यात वाकबगार. मुलगी त्या कपाटांमध्ये वाढली. दहा मुलं झाली आणि तरी ती पासष्टहून अधिक वर्षं फुलंच रंगवत राहिली. त्र्याऐंशीव्या वर्षी चित्रावर सही करताना शेजारी स्वतःचं वय घातलं. तिची फुलं ताठ उभी राहत नाहीत. देठ वळतात, पाकळ्या ओझ्यानं कलतात, एखादं पान किड्यानं खाल्लेलं असतं. इतरांची फुलं पाहुण्यांसारखी बसलेली असतात, हिची घरच्यासारखी.

त्या चित्रांतल्या ट्यूलिपांवर ज्वाळांसारखे लाल-पांढरे पट्टे दिसतात ना? अशा ट्यूलिपांच्या कंदांसाठी हॉलंडमध्ये माणसं वेडी झाली होती. १६३७ च्या फेब्रुवारीत भाव कोसळले. पट्टे कशाचे, हे कळायला विसावं शतक उजाडलं. तो रोग होता! विषाणू, आणि तो पसरवणारा मावा. पपईवर मोझॅक आला की आपला शेतकरी कपाळाला हात लावतो. तिथे रोगट कंदाला सोन्याचा भाव आला आणि चित्रकारांनी तो रोग मन लावून, पट्ट्याला पट्टा जुळवून रंगवला.

आपल्याकडे हे सगळं आलं ते मुंबईच्या दारानं. १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि फुलदाणी, कापड, फळं मांडून बघून रंगवायची शिस्त तिथून शाळाशाळांत झिरपत माझ्या सरांच्या बाटलीपर्यंत पोचली. फ्रेंच भाषेत या प्रकाराला 'मेलेला निसर्ग' म्हणतात, आपण स्थिरचित्र म्हणतो. जास्वंदीचा अनुभव घेतलेला माणूस दोन्ही नावांना हसेल. फूल मेलेलंही नसतं आणि स्थिर तर मुळीच नसतं.

मुंबईत फुलांना सगळ्यात मोठा माणूस भेटला तो मात्र जे. जे.च्या वर्गातला नव्हता. कृष्णाजी हौलाजी आरा. जन्म १९१४, हैदराबादजवळच्या बोलारमचा. सातव्या वर्षी मुंबई गाठली, घरगडी म्हणून राबला, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला, आणि वेळ मिळेल तसा रंगवत राहिला. १९४२ मध्ये पहिलं प्रदर्शन. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, बाकरे, गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये. बाकीचे नवी मांडणी, नवा माणूस घडवत होते; आरा फुलदाण्या रंगवत होता. आणि कशा? सुरुवातीला हातात जलरंग आणि गुॲश (अपारदर्शक जलरंग), पण वापर असा जाड, थरावर थर, की बघणाऱ्याला तैलरंग वाटावेत. पुढे तेलातही उतरला. डच मंडळींनी पाकळीतला प्रत्येक दवबिंदू मोजला. आराची फुलं बाजारातून नुकती आणून भांड्यात कोंबल्यासारखी, भरघोस, बेफिकीर. ज्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या घरातल्या फुलदाण्या पुसणं आलं असेल, त्यानं हा विषय आपलासा केला, याचं मला सारखं आश्चर्य वाटतं.

चित्र पूर्ण झालं, चौकटीत बसलं, भिंतीवर गेलं. संपलं? छे, तेल अजून हवा खातंच आहे. बोटाला लागेनासा रंग म्हणजे वाळलेला रंग नव्हे. आतले बदल वर्षानुवर्षं चालू राहतात. म्हणून खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, असा जुना दंडक आहे. उलट केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा अजून हलतोय, आणि वरच्याला भेगा पडतात. चैत्रात आपली काळी माती कशी तडकते, हुबेहूब तशी नक्षी. माझ्या जास्वंदीच्या देठापाशी ती आहे. मी घाई केली होती.

माझा लाल पाचव्या दिवशी ओला का, तेही कळलं. सगळे रंग सारख्या वेगानं वाळत नाहीत. मातकट तपकिरी रंगांत मँगनीज असतं. ते तेलाला हवा भरवतं आणि एक-दोन दिवसांत थर आवळतो. मंजिष्ठेच्या गोतातला किरमिजी लाल मात्र रेंगाळतो. जास्वंदीसाठी मी नेमका तोच घेतला होता. पण त्या रेंगाळण्याचा एक गोड फायदाही झाला: पाकळीची कड लालातून गुलाबीत, गुलाबीतून जवळजवळ काहीच नाही अशी विरवायला पूर्ण दुपार हातात होती. जलरंगात ती कड दोन मिनिटांत आवळून बसली असती.

जुन्या चित्रांत याहून विचित्र गोष्टी घडतात. सफेद्यातलं शिसं आणि तेलातली आम्लं एकमेकांना धरतात आणि थराच्या पोटात साबण तयार होतो! अक्षरशः साबण. कधी त्याचे बारीक दाणे पृष्ठभागातून पुरळासारखे वर येतात. डच चित्रांतली कित्येक पानं आज निळी दिसतात. निळ्यात मिसळलेला वनस्पतीचा पिवळा उडून गेला, निळा मागे राहिला. आणि व्हान गॉगनं १८९० च्या मे महिन्यात रंगवलेले गुलाब आज पांढरे म्हणून ओळखले जातात. रंगवले तेव्हा ते गुलाबी होते. लाल लेक उजेडानं विरला. कोमेजू नये म्हणून ज्यांना रंगात उतरवलं, ती फुलंही आपल्या सावकाश गतीनं कोमेजतच होती.

एक गोष्ट शेवटपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. उत्तम कॅनव्हास लिननचा. लिनन म्हणजे जवसाच्याच खोडाचा धागा. तेलासाठीचा आणि धाग्यासाठीचा वाण वेगळा, पण झाड एकच. बियांतून रंगाचं तेल, खोडातून रंगवायचं कापड. जगातली कितीतरी गुलाबं, ट्यूलिपं आणि कमळं एका रानझाडासारख्या साध्या पिकाच्या अंगाखांद्यावर फुलली आहेत, आणि त्या पिकाचं स्वतःचं फूल कसं असतं, हे मला नीट आठवेना. पूर्वी हरभऱ्याच्या वावरात जवसाच्या चार ओळी असायच्या. आता इकडे नजर जाईल तिथे ऊस.

म्हणून दिवाळीनंतर चटणीसाठी ठेवलेला मूठभर कच्चा जवस कुंडीत टाकला. उगवला. पौषातल्या एका सकाळी बघतो तर पहिलं फूल: पाच पाकळ्या, आभाळी निळा, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, वाऱ्याच्या झुळकीनंही थरथरणारं. धावत जाऊन कॅनव्हास आणला, पॅलेट मांडली, निळ्यात करडईच्या तेलातला पांढरा मिसळून छटा जुळवू लागलो. जुळली तेव्हा ऊन पडवीत आलं होतं आणि साडेअकरा वाजले होते. मान वर केली तर देठावर नुसती हिरवी बोंडी. पाकळ्या खाली. चार कुंडीच्या मातीत आणि एक पॅलेटवरच्या ओल्या तेलात.